रायफलवर गंज दिसला? तेलाची बाटली आधी खाली ठेवा

स्वप्नील कुसाळेने 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) ब्राँझ आणल्यापासून आमच्या रेंजवर नवीन पोरंपोरी बरीच यायला लागलीत. चांगलंच आहे, पण जुलै लागला की त्यातलं कोणीतरी चेहरा पाडून येतंच, "ताई, बॅरलवर तपकिरी काहीतरी आलंय बघा ना". पोझिशन, ट्रिगर, ब्रीदिंग सगळं कोच शिकवतात, लोखंड कसं सांभाळायचं ते कोणी सांगत नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं. हे मुख्यतः मुंबई-ठाणे-कोकणवाल्यांसाठी आहे, सोलापूर-लातूरकडच्यांना त्रास कमी, पण घामाचं तेवढं त्यांनीही वाचा.

आधी घाबरणं बंद करा. पुसल्यावर बोटाला नारिंगी भुकटी लागते आणि खालचं लोखंड गुळगुळीत आहे, म्हणजे गंज वरवरचा आहे, निघतो. नख फिरवल्यावर खड्डा लागला तर मात्र तो खड्डा कायमचा, कुठलंही तेल तो भरून देणार नाही. त्यातही बाहेरचा खड्डा फक्त दिसायला वाईट. नळीच्या, म्हणजे बॅरलच्या आत किंवा तोंडाच्या कडेला, म्हणजे क्राऊनला खड्डा असेल तर ग्रुपिंग जातं, म्हणजे गोळ्या एका जागी जवळजवळ लागत नाहीत.

आता ज्यात मी सापडले ते. सगळ्यांना वाटतं गंज पावसाने येतो. पावसात रायफल कोण भिजवतं? गंज येतो एसी आणि केस, म्हणजे रायफल न्यायची फोमची पेटी, या जोडगोळीने. आमची दहा मीटरची रेंज एसीत आहे. दोन-अडीच तास रायफल 22-23 डिग्रीत, बॅरल हाताला गार लागते. बाहेर जुलैची हवा 29 डिग्री, आर्द्रता 88-90 टक्के. अशा हवेचा दवबिंदू 27 च्या आसपास येतो, म्हणजे 27 पेक्षा गार असलेली वस्तू या हवेत काढली की तिच्यावर पाणी धरणारच, फ्रीजमधली बाटली बाहेर ठेवल्यासारखं. मी घरी पोचले की लगेच केस उघडायचे, कारण "रायफलला हवा लागू दे" असं मला एका सिनियर दादाने सांगितलं होतं. केसमधल्या फोममुळे बॅरल अजून गारच असायची. तिच्यावर दव धरायचं, काळ्या बॅरलवर ते नीट दिसतही नाही, फक्त चमक जरा मंद होते. आणि मी काय करायचे, तर त्यावरच तेल चोळायचे, भरपूर, मनापासून, आणि परत केस बंद. म्हणजे पाणी खाली, तेल वर, भोवती ओला फोम, आणि हे सगळं दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसंच. गंज आला तो बरोब्बर फोमच्या खाचेच्या दोन्ही कडांना, पट्टीने रेघ मारावी तसा सरळ. आणि मी समजत होते तेल कमी पडतंय, म्हणून अजून तेल.

तर घरी गेल्यावर केस उघडू नका. तास-दीड तास बंदच राहू द्या, आतली रायफल खोलीच्या तापमानाला येऊ दे. मग उघडा, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागी) सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याची खूण, आहे ना बघा, जुन्या सुती बनियनच्या कोरड्या तुकड्याने पुसा, पंख्याखाली थोडा वेळ राहू द्या, आणि मग तेल. केस उघडी करून वाळवा, ऊन मिळालं तर उन्हात. रायफल रात्रभर केसमध्ये झोपवायची नाही, केस फक्त ये-जा करायला. कुलुपाच्या कपाटात ठेवा आणि आत सिलिका जेल टाका, रंग बदलणारं घ्या, निळं गुलाबी झालं की त्याचा उपयोग संपला. ते फेकू नका, ओव्हनमध्ये सव्वाशे डिग्रीच्या आत तापवून परत वापरता येतं.

तेल म्हणजे किती, तर चिंधीला लावायचं, रायफलवर ओतायचं नाही. पुसल्यावर बोट फिरवलं तर बोट जेमतेम चमकावं एवढंच. जास्त तेल ट्रिगरमध्ये उतरतं, लाकडी स्टॉक (खांद्याला लावायचा दस्ता) असेल तर लाकूड मऊ पडतं, आणि धूळ चिकटते ती वेगळीच. खोबरेल लावणारे महाभाग कोकणात अजून आहेत, काही दिवसांनी ते चिकट होऊन बसतं. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला चालेल पण टिकत नाही. डब्ल्यूडी-40 पाणी हाकलायला उत्तम, पण तेवढ्यावर पावसाळा निघत नाही, ते पुसून वर नीट गन ऑइल लावाच.

आलेला गंज काढायचा तर तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी सुती कापडाने घासा. निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्यासाठी ब्राँझ वूल, किंवा अगदी बारीक चार शून्यांची स्टील वूल, तेलात बुडवून, हलक्या हाताने. कापड तपकिरी येतंय तोवर गंज निघतोय, काळं-निळं यायला लागलं की थांबा, आता तुम्ही ब्लूइंग, म्हणजे बॅरलचा काळा मुलामा, खरवडताय. पॉलिश पेपर नको. आणि लिंबू, व्हिनेगर, कोला, बाजारातलं गंज काढायचं केमिकल तर अजिबात नको. यूट्यूबवर पाच मिनिटांत आरशासारखी बॅरल करून दाखवतात त्यांचा मला मनस्वी राग आहे. बॅरलचा तो काळा रंग म्हणजे पेंट नाही, तोसुद्धा लोखंडाचा ऑक्साइडच आहे, फक्त काळा, घट्ट आणि चिकटून बसणारा. जे ॲसिड लाल गंज खातं ते काळाही खातं. दहा मिनिटांत बॅरल पांढरी होते आणि पुढच्या दमट रात्री आधीच्या दुप्पट गंजते.

एअर रायफलवाल्यांनो, हे सगळं फक्त बाहेरून. नळीच्या आत तेल नाही, फेल्टच्या (नमद्यासारख्या जाड कापडाच्या) साफसफाईच्या गोळ्या वापरा. कॉम्प्रेशन चेंबरमध्ये किंवा हवेच्या रस्त्यात साधं तेल गेलं तर दाबाने ते पेट घेऊ शकतं, सील तर जातातच. पॉइंट टूटूवाल्यांनी (.22 बोअरची काडतुसाची रायफल) साफ करायचा रॉड मागून, बोल्टच्या बाजूने घालावा, क्राऊनकडून नाही, आणि फायरिंगच्या आधी एक कोरडी चिंधी ओढून तेल काढावं, नाहीतर पहिले काही शॉट कुठेही जातात. हे मला आमच्या आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणाऱ्या) काकांनी शिकवलं, फौजेतून रिटायर झालेले. एनसीसीत असलेल्यांना पुलथ्रू (नळीतून चिंधी ओढायची दोरी) आणि चार बाय दोन इंचाची चिंधी आठवत असेल, काकांचं सगळं शास्त्र त्यातच आलं. माझं स्पष्ट मत, मेडलवाल्या दादापेक्षा अशा माणसाजवळ अर्धा तास बसा. चहा तुम्ही पाजा.

घामाचं राहिलंच. घामात मीठ असतं, आणि बोटांचे ठसे दोन दिवसांत गंजाचे ठसे होतात. म्हणून बॅरल धरून रायफल उचलू नका, उचललीत तर पुसा. आजकालच्या रायफलींची बॉडी, स्टॉक ॲल्युमिनियमचे असतात म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण बट प्लेटच्या (खांद्याला टेकणारा भाग) दांड्या, चीकपीसचे (गाल टेकवायचा भाग) स्क्रू, साइटचे (नेम धरायची दुर्बीण-चकती) स्क्रू बऱ्याचदा स्टीलचेच असतात. जॅकेटमधला घाम नेमका तिथे उतरतो. स्क्रू एकदा जाम झाला की ॲडजस्टमेंट विसरा.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी हेच उलटं वापरायचं. चीकपीस काढायला लावा, बट प्लेट पूर्ण बाहेर ओढा, साइट उतरवून खालची रेल टॉर्चने बघा. विकणारा "कशाला खोलताय, कालच सर्व्हिसिंग केलीय" म्हणाला तर तर नक्कीच खोला. जुन्या रायफलची बॅरलच तेवढी नवी कोरी काळी दिसत असेल तर ब्लूइंग परत केलेलं असू शकतं, मग तिरप्या उजेडात धरून रंगाखाली खड्डे आहेत का शोधा. एअर रायफल असेल तर तिच्या दाबाखालच्या हवेच्या सिलिंडरवर तारीख असते, ती वाचा, आणि हवा कशाने भरायचे ते विचारा. फिल्टर नसलेल्या पंपाने भरत असतील तर दमट हवेतलं पाणी आत गेलेलं असतं, आणि 200 बारच्या सिलिंडरच्या आतलं नुकसान बाहेरून कोणालाच दिसत नाही. तिथे घासाघीस करू नका, सिलिंडर नवाच घ्या आणि त्याचे पैसे रायफलच्या किमतीतून कापून मागा.