आई-बाबांचं मेडिकेअर: ॲडव्हांटेज की मेडिगॅप?

वय 65 पूर्ण आणि ग्रीनकार्डावर अमेरिकेत सलग 5 वर्षं, एवढं झालं की आई-बाबांना मेडिकेअर (मुख्यतः 65 नंतरचा सरकारी आरोग्य विमा) विकत घेता येतं. तोवर मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून घेतलेला खासगी प्लॅन. तुम्ही इथे कितीही वर्षं टॅक्स भरलेला असो, तुमची क्रेडिट्स (इथल्या नोकरीतून जमा होणारे गुण) त्यांच्या कामी येत नाहीत. भारतातली नोकरीही इथे धरत नाहीत. स्वतःची किंवा जोडीदाराची 40 क्रेडिट्स, म्हणजे साधारण 10 वर्षांची इथली नोकरी नसेल, तर 2026 मध्ये पार्ट एला (हॉस्पिटलचा खर्च) महिना 565 डॉलरपर्यंत आणि पार्ट बीला (डॉक्टर, तपासण्या) 202.90. माणशी.

हा आकडा बघून आपली मंडळी हुशारी करतात: ए महाग आहे, सध्या नुसता बी घेऊ. तसं चालतं, पण ॲडव्हांटेज (ए-बी खासगी कंपनीच्या प्लॅनमधून घेणं) काय किंवा मेडिगॅप (मेडिकेअरवरचा खासगी पूरक विमा) काय, दोन्हीला ए आणि बी लागतातच. शिवाय मेडिगॅपची 6 महिन्यांची मुदत बी सुरू झाल्यापासून मोजतात. नुसता बी घेऊन वर्षभर बसलात तर ती हातची गेली.

ही मुदत म्हणजे काय ते नीट समजून घ्या. त्या 6 महिन्यांत मधुमेह असो, बायपास झालेली असो, कंपनीला मेडिगॅप द्यावंच लागतं आणि आजारापायी प्रीमियम वाढवता येत नाही. त्यानंतर बहुतेक राज्यांत तब्येतीचे प्रश्न विचारून सरळ नकार देता येतो. न्यूयॉर्क आणि कनेटिकटमध्ये वर्षभर मिळतं, पण सगळेच काही तिथे राहत नाहीत. आधीचा विमा नसेल तर जुन्या आजारांसाठी 6 महिन्यांपर्यंत थांबवू शकतात, म्हणून मेडिकेअर सुरू होईपर्यंत मार्केटप्लेसचा प्लॅन बंद करू नका.

नुसत्या मेडिकेअरवर राहिलं तर बीच्या खर्चातले 20 टक्के तुमचे, आणि त्याला वरची मर्यादा नाही. केमो सुरू झाली की हे 20 टक्के काय असतात ते कळतं. मेडिगॅपच्या प्रकारांतला प्लॅन जी हे भरून काढतो. वर्षाला बीचं 283 डॉलर (2026) डिडक्टिबल, म्हणजे आधी खिशातून भरायची रक्कम, तेवढं आपलं. मेडिकेअर घेणारा देशभरातला कुठलाही डॉक्टर चालतो. औषधांसाठी पार्ट डी वेगळा, तोही वेळेवर घ्या, उशिराचा दंड कायमचा चिकटतो.

ॲडव्हांटेजची जाहिरात असते ‘शून्य प्रीमियम’. शून्य फक्त त्या प्लॅनचा. ए-बीचे पैसे सुटत नाहीत. दात, चष्मा मिळतो, नेटवर्कमधल्या (प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या) खर्चाला वार्षिक मर्यादाही असते (2026 मध्ये जास्तीत जास्त 9,250). बदल्यात काउंटीपुरतं नेटवर्क आणि बऱ्याच गोष्टींना आधी मंजुरी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रिहॅबमध्ये किती दिवस ठेवायचं, यात डॉक्टरइतकंच कंपनीचं चालतं. दिवाळीच्या कार्यक्रमात टेबल मांडून बसलेला एजंट गोड बोलतो, पण त्याला कमिशन मिळतं हे विसरू नका.

आपल्या लोकांना खरा फटका बसतो तो पुण्याच्या मुक्कामाचा. ॲडव्हांटेजच्या भागाबाहेर सलग 6 महिन्यांहून जास्त राहिलं तर बहुतेक प्लॅन नाव काढून टाकतात. हिवाळ्याला गेलेले आई-बाबा लग्नासाठी मे महिन्यापर्यंत थांबले की झालं. मेडिगॅपला ही अट नाही. उलट प्लॅन जी किंवा एनमध्ये परदेशातल्या इमर्जन्सीचे 80 टक्के मिळतात. मात्र प्रवासाचे पहिले 60 दिवसच, आधी 250 डॉलर आपले, आणि आयुष्यभरात 50,000 डॉलरपर्यंत. मोतीबिंदू तिकडे करून घेऊ म्हणाल तर त्याचं काही मिळणार नाही. भारतात आहेत म्हणून बी बंद करू नका. परत घेताना दर पूर्ण वर्षामागे 10 टक्के दंड, तोही बी असेपर्यंत.

एवढं वाचूनही ॲडव्हांटेजच घ्यायचं असेल (प्रीमियम झेपत नसेल तर तेही बरोबरच आहे), तर मेडिकेअरच्या साइटवर झिप कोड आणि प्रत्येक औषध डोससकट भरून प्लॅन ताडून बघा. मग डॉक्टरच्या बिलिंगवाल्यांना फोन करा. ‘अमुक कंपनी घेता का?’ असं विचारू नका. एकाच कंपनीचे एका काउंटीत बरेच प्लॅन असतात. कार्डावर येईल ते पूर्ण नाव, एचएमओ (सहसा नेटवर्कमधलेच डॉक्टर) की पीपीओ (जास्त पैसे देऊन बाहेरचेही), वाचून दाखवा. हे दरवर्षी 15 ऑक्टोबर ते 7 डिसेंबरमध्ये पुन्हा करा, कारण डॉक्टर आणि औषधांची यादी जानेवारीत बदलते. प्रत्येक राज्यात शिप नावाची मोफत सल्लासेवा आहे, ती काही विकत नाही. एजंटाच्या आधी तिथे फोन लावा.