पियानोवादकाची पहिली भेट ऑडिशनच्या दिवशी नको

शालेय संगीत शिष्यवृत्तीच्या, म्हणजे संगीतातील गुणांवर शाळेच्या शुल्कात मिळणाऱ्या सवलतीच्या, ऑडिशनला मी व्हायोलिन घेऊन दोनदा बसलो. पहिल्यांदा निवड झाली नाही, आणि तो दिवस आठवला की अजूनही माझे हात गार पडतात. भिन्न प्रकृतीच्या दोन रचना, स्केल (स्वरांचे आरोह-अवरोह), साइट रीडिंग (आधी न पाहिलेली स्वरलिपी वाचून लगेच वाजवणे), ऑरल टेस्ट (ऐकून उत्तर देण्याची चाचणी) आणि मुलाखत असे तिचे स्वरूप असते. मी जिथे फसलो, तिथूनच सुरुवात करतो.

व्हायोलिनची द्रुत रचना मी तीन महिने ध्वनिमुद्रित पियानोच्या साथीवर वाजवत होतो. ध्वनिमुद्रणाची लय आधीच ठरलेली असते, आपण केवळ तिच्यात शिरतो, त्यामुळे लय ठरवण्याची सवय मला कधी लागलीच नाही. साथीच्या पियानोवादकांना मी ऑडिशनच्या दहा मिनिटे आधी भेटलो. "लय कोणती घ्यायची?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मला काहीच सांगता आले नाही. त्यांनी सुरुवातीचे चार बार (स्वरलिपीतील ठरावीक मात्रांचे छोटे भाग) उत्साहाने घेतले आणि दुसऱ्या पानावरच्या सेमीक्वेव्हरच्या (अतिजलद स्वरांच्या) ओळींत माझी बोटे मागे पडली. लय नेहमी रचनेतल्या सर्वांत अवघड बारवरून ठरवावी: तो बार मनात गुणगुणावा, त्याच लयीत सुरुवातीचे दोन बार पियानोवादकांना गाऊन दाखवावेत आणि मगच बो (व्हायोलिनचा गज) उचलावा. कुठे थांबायचे, कुठे संथ व्हायचे, या आपल्या पेन्सिलीच्या खुणा त्यांच्या प्रतीवर नसतात. त्या आधीच उतरवून द्याव्यात, आणि दोन्ही प्रतींतील बारचे क्रमांक जुळतात का, तेही पाहावे. मी तारा फोनवरील ट्यूनरने 'ए' स्वराच्या प्रमाण ४४० हर्ट्‌झला लावून आत गेलो होतो, पण खोलीतला पियानो किंचित उतरलेला होता आणि माझ्या मोकळ्या तारा शेवटपर्यंत खटकत राहिल्या. सूर त्या खोलीतल्या पियानोच्या 'ए'वरूनच घ्यावा.

परीक्षकांना काय आवडते ते सांगतो म्हणणाऱ्या शिक्षकांपासून दूर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रचना निवडतानाही जपावे. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत १५० पैकी १३० गुणांना डिस्टिंक्शन मिळते. ते मिळाले म्हणून लगेच वरच्या ग्रेडची रचना निवडणे घातक ठरते, कारण अर्धवट बसलेली रचना पहिल्या ओळीतच उघडी पडते. साइट रीडिंगची मात्र फार धास्ती घेऊ नये. वाचायला मिळालेल्या वेळात की सिग्नेचर (कोणते स्वर तीव्र किंवा कोमल घ्यायचे हे सांगणाऱ्या, ओळीच्या सुरुवातीच्या खुणा) आणि सर्वांत दाट बार पाहून घ्यावा, आणि चूक झाली तरी मागे न जाता ताल धरून पुढे जावे. अर्ज करण्यापूर्वी शुल्कातील सवलत नेमकी किती आहे आणि तिच्या बदल्यात वाद्यवृंद किंवा गायनवृंदात किती वेळ द्यावा लागेल, हे लेखी विचारून घ्यावे.

दुसऱ्या वर्षी मी सोपी रचना निवडली आणि पियानोवादकांबरोबर आधी दोनदा सराव केला. दुसऱ्या पानावर एक स्वर चुकला, तरी मी वाजवत राहिलो. मुलाखतीत त्या स्वराचा उल्लेखही झाला नाही. मधल्या भागात मी संथ का झालो, एवढेच परीक्षकांनी विचारले, आणि या वेळी मला ते सांगता आले.