रक्तदाबाच्या गोळीची पट्टी कशी वाचावी

पट्टीवर ठळक अक्षरांत असते ते कंपनीने दिलेले नाव. आपण वाचावे ते बारीक अक्षरांतील औषधाचे नाव. एका गोळीत दोन-तीन औषधेही असतात, म्हणून सगळी नावे पाहावीत.

अ‍ॅम्लोडिपीन रक्तवाहिनीच्या भिंतीतील स्नायूपेशींत कॅल्शियमला सहज शिरू देत नाही. त्यामुळे स्नायू सैलावतात, वाहिनी रुंदावते आणि दाब उतरतो. पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर तरी लागतो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी यंत्र लावून गोळीला नापास करू नये. काहींच्या घोट्यांना सूज येते; ती बहुधा या औषधाचीच असते, तरी डॉक्टरांना दाखवावी.

नाव ‘सार्टान’ने संपत असेल, जसे टेल्मिसार्टान, किंवा ‘प्रिल’ने, जसे रॅमिप्रिल, तर रोख अँजिओटेन्सिन-२ या द्रव्यावर असतो. हे द्रव्य वाहिन्या आवळते आणि शरीराला मीठ धरून ठेवायला लावते. ‘प्रिल’ त्याची निर्मिती घटवते. ‘सार्टान’ तयार झालेल्या द्रव्याला त्याच्या जागी बसू देत नाही. ‘प्रिल’ने कोरडा खोकला लागू शकतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात त्याचे खापर दमट हवेवर फुटते. ही दोन्ही औषधे गरोदरपणात चालत नाहीत. दोन्हींमुळे पोटॅशियम वाढू शकते; ‘कमी सोडियम’च्या मिठातही बहुधा पोटॅशियमच घातलेले असते, म्हणून मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी असे मीठ किंवा रोजचे शहाळे विचारल्याशिवाय सुरू करू नये.

क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर काढणाऱ्या गोळ्या असून त्या सहसा सकाळी घेतात. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले, खारे बांगडे आणि मिस्कूट, म्हणजे कैरीचे लोणचे, रोज पानात असेल, तर गोळीने काढलेले मीठ आपण जेवणातून परत भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. माझ्या मते डोस वाढवून मागण्यापूर्वी ही बरणी तपासावी.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल ही औषधे हृदयाचे ठोके मंद करतात. ती एकाएकी बंद करणे धोक्याचे असते.

गुडघेदुखीसाठी फार्मसीतून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनने शरीरात मीठ-पाणी साठून दाब वाढू शकतो, आणि सोबत ‘सार्टान’ व लघवीची गोळी चालू असेल तर मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून फार्मसीत जाताना चालू गोळ्यांची पट्टी दाखवावी. उलट्या-जुलाब सुरू झाल्यास ‘सार्टान’ व लघवीची या दोन गोळ्या थोडे दिवस थांबवाव्यात का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे.