किल्ल्याच्या दरवाजातून हल्ला वाचायचा कसा

किल्ल्यावरचा प्रत्येक बुरूज, वळण आणि भोक हे कुणाच्या तरी हल्ल्याला दिलेलं उत्तर असतं. हत्ती आला म्हणून दरवाजा वळला, तोफ आली म्हणून तट दुहेरी झाला. हा संवाद जागेवर वाचायचा तर मीटरपट्टी, विजेरी, काठी, होकायंत्र (मोबाइलमधलं चालेल) आणि सोबतीला एक माणूस एवढं पुरतं. सकाळी आठच्या आत पोचा. तिरप्या उन्हात चिऱ्यांचे सांधे उठून दिसतात, दुपारी सगळा तट एकसारखा करडा वाटतो.

सुरुवात पायथ्याशी करा. गडाकडे पाठ करून समोर कोणता डोंगर आहे, तो किती उंच आणि किती लांब, हे आधी टिपा. पुरंदरला हे फार पटकन समजतं. 1665 मध्ये मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांनी आधी शेजारचा वज्रगड घेतला आणि तिथून पुरंदरच्या माचीवर (बालेकिल्ल्याखालच्या तटबंदीच्या सपाटीवर) तोफा रोखल्या. रायगडावर 1818 मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगराकडून उखळी तोफा डागल्या. उखळीचा गोळा तटावर आदळत नाही, तो तटावरून आत पडतो, म्हणून तट कितीही जाड असला तरी आतले वाडे पेटले. 10 मे रोजी गड गेला.

आता दरवाजा. यात घाई करू नका, अर्धा तास इथेच द्या. सह्याद्रीतली नेहमीची रचना म्हणजे गोमुखी: दोन बुरूज एकमेकांना वळसा घालतात आणि दरवाजा त्यांच्या कुशीत लपतो. शेवटच्या वळणापासून दरवाजाच्या फळीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजा. दहा-बारा पावलंच भरली तर हत्तीला धाव घ्यायला किंवा ओंडक्याने धडक द्यायला जागा नव्हती, असं समजा. तोफेलाही दरवाजा सरळ रेषेत सापडत नाही. रायगडच्या महादरवाजाला एक बुरूज 75 आणि दुसरा 65 फूट उंच आहे. या दोघांच्या बेचक्यात उभं राहून वर पाहिलं की तिथे अडकलेल्या माणसाचं काय होत असेल ते कळतं. लोहगडावर तर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चौकडी आहे. वरून खाली बघा, नागमोडी वाटेचा जवळपास प्रत्येक टप्पा माऱ्यात येतो.

फळीवरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळासाठी. पण जिथे माणूसच हातापायांनी चढतो, तिथे हत्ती येणार कुठून? अशा गडावर खिळे दिसले तर ती बव्हंशी रीत आणि रुबाब, एवढंच लिहा. चौकटीच्या आत दोन्ही भिंतींना अडसराची चौकोनी भोकं शोधा. एका बाजूचं उथळ असतं, दुसऱ्या बाजूचं पूर्ण तुळई आत सरकावी इतकं खोल. आधी विजेरी मारा, मग काठी घाला. हात कधीच घालू नका, आत साप असू शकतो.

जंग्या, म्हणजे तटातून मारा करायची भोकं, मोजण्यापेक्षा त्यांतून बघणं महत्त्वाचं. सोबत्याला बाहेर वाटेवर चालायला सांगा आणि आतून एकेका जंगीला डोळा लावा. तो कुठे दिसतो, कुठे नाहीसा होतो, याची खूण कागदावर करा. काही जंग्यांना आतून एकच तोंड आणि बाहेर दोन-तीन फाटे असतात. उतरत्या जंग्या तटाच्या बुडाशी पोचलेल्या माणसासाठी. ज्या ठिकाणी सोबती एकाही जंगीतून दिसत नाही, तो आंधळा कोपरा. चौकोनी बुरुजाच्या टोकाशी तो हमखास सापडतो. गोल बुरुजापुढे अशी आंधळी जागा कमी असते, शिवाय गोळा घसरून जाण्याची शक्यता वाढते.

तोफेला दिलेलं सगळ्यात हुशार उत्तर बघायचं तर राजगडाची संजीवनी माची गाठा. तिथला चिलखती बुरूज म्हणजे बुरुजाला बाहेरून घातलेला दुसरा बुरूज, मध्ये माणूस जाईल एवढी चिंचोळी जागा. बाहेरचा ढासळला तरी आतला शाबूत राहतो आणि आत घुसलेला शत्रू त्या फटीत कोंडला जातो. खाली उतरायच्या पायऱ्या अंधाऱ्या आहेत, पावसाळ्यात शेवाळ असतं. तेव्हा उतरू नका. दोन्ही भिंतींची जाडी वेगवेगळी मोजा आणि मधली फट तिसऱ्या रकान्यात लिहा. तिन्हींची एकत्र बेरीज टिपली तर पुढे काहीच कळत नाही.

भुईकोटात, म्हणजे सपाट जमिनीवरच्या किल्ल्यात, प्रश्न वेगळा. तिथे शत्रू जमिनीखालून येतो. अहमदनगरला 1596 मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीच्या लोकांना सुगावा लागला, त्यांनी काहींतली दारू काढून घेतली; एक मात्र उडाला, खिंडार पडलं आणि ते रातोरात बुजवलं गेलं. साताऱ्याच्या डोंगरी किल्ल्यालाही एप्रिल 1700 मध्ये मोगलांनी सुरुंग लावले, पण तिथे उलटंच झालं: दुसऱ्या सुरुंगाने कडा बाहेरच्या बाजूला कोसळला आणि खाली हल्ल्यासाठी जमलेलं मोगल सैन्यच त्याखाली गाडलं गेलं.

सर्वांत जास्त चुका काळ ठरवताना होतात. खाली मोठे घडीव चिरे आणि वर चुन्यातली लहान दगडांची भर दिसली तर वरचा भाग बहुधा नंतरचा. जंगी फोडून रुंद केलेली दिसली तर तिथे पुढे तोफ आली असावी. पण डागडुजी अलीकडचीही असते: सांध्यांत करडं सिमेंट दिसलं तर तो भाग नोंदीतून वगळा. फुटलेल्या पायऱ्या प्रत्येक वेळी वेढ्यातल्या नसतात. अलंग-मदनसारख्या गडांच्या वाटा 1818 नंतर इंग्रजांनी मुद्दाम सुरुंग लावून तोडल्या, म्हणजे गड पडल्यावर.

खडूने खुणा करू नका, चिरे हलवू नका. प्रत्येक फोटोत पट्टी ठेवा आणि कॅमेरा कोणत्या दिशेला होता ते तिथल्या तिथे लिहा. घरी आल्यावर सगळे बुरूज सारखेच दिसतात.