दोन कॅन्डल, एक चीर

आमचा स्टीलचा फिल्टर पावसाळ्यात रुसतोच. यंदा मात्र रात्री वरचा डबा काठोकाठ भरला, तरी सकाळी खाली जेमतेम तांब्याभर पाणी. नव्या कॅन्डल (वरच्या डब्यात बसवलेल्या, पाणी गाळणाऱ्या सिरॅमिकच्या नळकांड्या) आणायला निघालो, तर आई म्हणाली, "आधी उघडून तरी बघ."

पांढऱ्या कॅन्डलवर चहाच्या रंगाचा बुळबुळीत थर! हिची छिद्रं मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक, त्यामुळे गाळ आणि बहुतेक जिवाणू बाहेरच अडकतात. मग तोच थर पाण्याची वाट अडवतो. (क्षार आणि विषाणू मात्र आरपार जातात, म्हणून साथीच्या दिवसांत आम्ही पाणी उकळतोच.)

वाहत्या पाण्याखाली जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने घासलं. साबण अजिबात नाही, तो आत मुरतो. पाच मिनिटांत दोन्ही कॅन्डल पांढऱ्याफटक.

मग चीर तपासली. भिजलेली कॅन्डल पाण्यात बुडवून देठाला स्वच्छ नळी लावली आणि हळूच फुंकलं. पहिली गप्प. दुसरीच्या टोपणाजवळ मात्र बुडबुड्यांची माळच लागली. केसाएवढी चीर, डोळ्यांना दिसतही नव्हती! म्हणजे इतके दिवस तिथून पाणी न गाळताच उतरत होतं. ती फेकली, नवी आणली. बसवताना रबरी वायसर सरळ बसवून खालची चकती हातानेच आवळली. पक्कड लावली की देठ तुटतो, हे मागच्या वर्षी शिकलोय.

पहिले दोन डबे कुंड्यांना घातले. आता सकाळी खालचा डबा भरलेला असतो.