के०३ टर्बोचे विजोड भाग जुळवताना

माझ्या जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस गाडीच्या १.८ लिटर, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनावर आधीच्या मालकाने दोन वेगळ्या टर्बोंचे (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या यंत्रांचे) भाग एकत्र करून बसवले होते. सोलापूर–पुणे महामार्गावर मोहोळच्या पुढे ओव्हरटेक करताना बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) उशिरा चढत असे आणि पुरेसा चढतही नसे.

पाइपांची गळती नाही याची खात्री करून टर्बो उतरवला. कॉम्प्रेसरचे, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाचे, चाक लहान के०३ मॉडेलचे आणि कव्हर मात्र मोठ्या चाकाच्या के०३एसचे निघाले. त्यामुळे पात्यांची टोके आणि कव्हरची आतली भिंत यांच्यात फट राहून दाबलेली हवा तिथूनच मागे फिरत होती. लेथवर कव्हरचे भोक वाढवता येते, कमी करता येत नाही. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणाऱ्या कारागिराने आत बुश (धातूची बांगडी) ठोकण्याचा उपाय सुचवला. परंतु ती सुटून चाकात गेली असती तर सगळा टर्बोच गेला असता, म्हणून के०३चेच कव्हर शोधले.

हा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, त्यामुळे चाक, नट आणि शाफ्टवर खुणा करून संपूर्ण फिरता संच बॅलन्सिंगला पाठवला. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या ऑइलच्या नळीत कार्बन साचतो. ती नवीनच घातली. वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची) दांडी मात्र जुन्या लांबीवर न ठेवता, ती हलवणाऱ्या ॲक्च्युएटरला हातपंपाने हवा देऊन झडप किती दाबाला उघडते ते गेजवर पाहत बसवली.