नवी वसाहत पायाखालून घालताना: काय मोजावं, काय तपासावं, कुठे फिरावं

नियोजित वसाहतीत सुरुवातीला राहायला येणाऱ्यांची पहिली काही वर्षं अर्धवट गावात जातात. घर तयार असतं, घरापुढचा रस्ता तयार असतो; पण शाळा, दुकानं, बाग, बसथांबा यांतलं काही कागदावर असतं आणि काही पत्र्याच्या कुंपणाआड. यामागे कारण आहे. पुरेशी कुटुंबं राहायला आल्याशिवाय दुकानदाराला गाळा चालवणं परवडत नाही आणि पुरेसे प्रवासी असल्याशिवाय बस सुरू होत नाही. त्यामुळे घर बघायला जाल तेव्हा पुढे काय होणार आहे हे ऐकून घ्या, पण हिशेब आज काय आहे आणि तिथवर पायी पोचता येतं का याचाच करा. त्यासाठी मंजूर आराखड्याची प्रत, एक पट्टी, फोनमधलं घड्याळ आणि हातभर लोखंडी सळई एवढं पुरतं.

आधी आराखडा

माहितीपत्रकातलं रंगीत चित्र बाजूला ठेवा आणि मंजूर आराखडा मागा. त्यावर उत्तर दिशेचा बाण आणि प्रमाणपट्टी, म्हणजे अंतराच्या खुणा असलेली छापील रेघ, शोधा. १:२००० असं छापलेलं असेल तर कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे २० मीटर. मात्र प्रत लहान-मोठी करून काढलेली असेल तर हा आकडा खोटा ठरतो. प्रमाणपट्टी चित्राबरोबरच आक्रसते किंवा ताणते, म्हणून मोजमाप नेहमी तिच्यावरूनच घ्या.

मग 'प्रस्तावित', 'राखीव' आणि 'भविष्यातील विस्तार' हे शब्द जिथे जिथे दिसतील तिथे पेन्सिलने गोल करा. ज्या जागेवर काहीच लिहिलेलं नाही तिथे दोन गोल करा. खिडकीतून दिसणारं मोकळं माळरान बहुधा याच कोऱ्या जागेत असतं आणि पुढच्या टप्प्यात तिथे इमारत उभी राहू शकते. प्रत्येक गोलाबद्दल तीन प्रश्न लेखी विचारा: ही सोय कोणत्या टप्प्यात येणार, किती घरांचा ताबा दिल्यावर सुरू होणार, आणि ती बांधायची जबाबदारी विकासकाची की सरकारी यंत्रणेची? शाळा आणि दवाखान्याच्या बाबतीत तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. विकासक अनेकदा फक्त भूखंड देतो. इमारत आणि शिक्षक दुसऱ्या कुणाला आणायचे असतात आणि त्याचं वेळापत्रक विकासकाच्या हातात नसतं.

आराखड्याची घडण ओळखता आली की पुढचं बरंच काही आपोआप कळतं. अमेरिकी नियोजक क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या 'नेबरहूड युनिट' (शेजार-घटक) कल्पनेत प्राथमिक शाळा मधोमध असते, घरांपासून साधारण पाव मैलावर, म्हणजे ४०० मीटरवर. वर्दळीचे रस्ते कडेने जातात आणि दुकानं त्या कडेच्या चौकांत असतात. अशा वसाहतीत मध्यभागी शांतता मिळते, पण किराण्यासाठी कडेपर्यंत जावं लागतं. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या रॅडबर्नमध्ये त्याच सुमारास घरांची एक बाजू हिरवळीकडे आणि दुसरी गाड्यांच्या बंद गल्लीकडे ठेवली गेली, पायवाटा रस्त्यांपासून वेगळ्या काढल्या. या रचनेत मुलं रस्ता न ओलांडता खेळायला जातात, मात्र पायवाट घरांच्या खिडक्यांपासून दूर गेली तर ती रात्री निर्जन होते. चंडीगढचे सेक्टर साधारण ८०० बाय १२०० मीटरचे आहेत आणि बाजाराचा रस्ता सेक्टरच्या मधून आडवा जातो, म्हणून दुकानं बहुतेकांना पायी अंतरावर येतात. तुमची वसाहत यांपैकी कुणासारखी आहे ते पट्टी घेऊन पाहा.

पायी मोजणी

ही पायरी कुणीही टाळू नये. मोठं माणूस साध्या चालीने मिनिटाला सुमारे ८० मीटर चालतं, म्हणजे ४०० मीटरला पाच मिनिटं. लहान मूल बरोबर असेल किंवा चालणारा वयस्क असेल तर मिनिटाला ५० मीटर धरा. घरापासून शाळा, बसथांबा, औषधांचं दुकान, रोजची खरेदी आणि खेळाचं मैदान अशा पाच ठिकाणी प्रत्यक्ष चालत जा आणि वेळ लिहून ठेवा.

मग प्रत्येक ठिकाणाचं सरळ रेषेतलं अंतर आराखड्यावर मोजा आणि चाललेल्या अंतराला त्याने भागा. उत्तर १.३ च्या आत आलं तर वाटा चांगल्या जोडलेल्या आहेत. चौकटीसारख्या काटकोनी रस्त्यांत अगदी कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचं झालं तरी हा आकडा १.४१ च्या वर जात नाही. तो २ किंवा ३ निघाला तर मध्ये बंद गल्ल्या किंवा भिंत आहे असं समजा. मागच्या अंगणातून दिसणारं मैदान १५० मीटरवर असतं, पण फाटकाकडून वळसा घालून जाताना ९०० मीटर होतात, आणि मग माणसं तेवढ्यासाठी गाडी काढतात. आराखड्यात दोन गल्ल्यांमध्ये पायवाट दाखवली असेल तर ती आज खुली आहे का, तिला फाटक आहे का आणि त्याची किल्ली कुणाकडे असते हे जागेवर बघा. अशी पायवाट बंद असेल तर ती उघडून घेण्यासाठी पहिल्या महिन्यातच अर्ज करा. एकदा तिथे पाण्याच्या टाक्या किंवा जनित्र बसलं की वाट परत मिळत नाही.

कडेचा मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर हिरवा दिवा किती सेकंद टिकतो ते मोजा. १४ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर वेगाने ओलांडायला जवळजवळ १२ सेकंद लागतात, काठी टेकत चालणाऱ्याला बरेच जास्त. मध्ये थांबायला दुभाजकावर जागा नसेल आणि दिवा त्याआधीच बदलत असेल, तर पलीकडची शाळा नकाशावर कितीही जवळ दिसली तरी मूल एकटं तिथे जाऊ शकणार नाही.

हीच फेरी चार वेगवेगळ्या वेळी करा: कामाच्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळी, संध्याकाळी माणसं परतताना, रात्री नऊनंतर आणि जोराचा पाऊस थांबल्यावर तासाभरात. रात्री दिव्यांचे खांब मोजत बसू नका, दोन खांबांच्या मध्ये समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसतो का ते बघा. पावसानंतरची फेरी सगळ्यात जास्त शिकवते. पाणी कुठल्या कोपऱ्यात साचतं, कुठल्या घराच्या पायाकडे वाहतं हे कोरड्या दिवशी कुणालाही दिसत नाही. तुमच्या भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन साधारण १५ सेंटीमीटर बाहेरच्या बाजूला उतरती हवी. नव्या भरावाची माती पहिल्या पावसाळ्यांत खचते आणि उतार उलटा होतो, म्हणून ही तपासणी दर वर्षी करा.

तळं, झाडं आणि मैदान

बहुतेक नव्या वसाहतींत एखादं 'तळं' दाखवलेलं असतं. ते बहुधा छपरांवरून आणि रस्त्यांवरून येणारं पावसाचं पाणी धरून ठेवायला केलेलं असतं, शोभा हा त्याचा दुय्यम उपयोग. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात कायम पाणी राहतं. दुसरा खळगा एरवी कोरडा असतो आणि पावसानंतर साधारण एक ते तीन दिवसांत रिकामा व्हायला हवा. चौथ्या दिवशीही पाणी उभं असेल तर बाहेर जाणारा नळ गाळाने तुंबला आहे. आसपास बांधकाम चालू असताना हे हमखास होतं, कारण उघडी माती प्रत्येक सरीबरोबर वाहून येते. उबदार हवेत डासाचं अंडं सात ते दहा दिवसांत उडता डास होतं, तेव्हा तक्रार त्याआधी गेली पाहिजे. कोरडा खळगा मुलांना खेळायला मोहाचा वाटतो, पण पाऊस सुरू झाल्यावर त्यातलं पाणी फार झपाट्याने चढतं आणि पाणी जायच्या तोंडाशी ओढ असते. आभाळ भरलं की तिथे कुणीही उतरू नये, हे मुलांना स्पष्ट सांगा. कायम पाणी असलेल्या तळ्यात रस्त्यावरचं तेल आणि कुत्र्यांची घाण धुऊन येते. त्याच्या काठाने फिरा, पक्षी बघा, पोहू नका.

झाडांची खरी अडचण मातीत असते. बांधकामाच्या आधी वरची सुपीक माती खरवडली जाते आणि उरलेल्या जमिनीवर अवजड यंत्रं महिनोन् महिने फिरतात. जमीन ओली असताना सळई हाताने दाबून बघा. १५ सेंटीमीटरसुद्धा आत गेली नाही तर मुळंही जाणार नाहीत. तिथे खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा, मुळांच्या गड्ड्याच्या दोन-तीन पट. खोड मातीत जिथे रुंदावतं तो भाग वर दिसला पाहिजे. तो गाडला गेला की झाड दोन-चार वर्षं बरं दिसतं आणि मग वरून सुकायला लागतं. पालापाचोळ्याचा ५ ते ८ सेंटीमीटरचा थर द्या, पण खोडाला चिकटवू नका. पहिली दोन वर्षं पाऊस नसलेल्या आठवड्यात खोडाच्या प्रत्येक इंच जाडीमागे ३५ ते ४० लिटर पाणी लागतं, तेही सावकाश सोडलेलं. आधाराच्या काठ्या वर्षभराने काढा. राहिलेली दोरी वाढत्या खोडाला कापते.

मैदान बघताना खेळण्यांच्या रंगापेक्षा खालच्या जमिनीकडे लक्ष द्या. लाकडाचे तुकडे किंवा वाळू असेल तर थर ३० सेंटीमीटरच्या आसपास हवा. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी तो पायांनी उडून जातो आणि नेमकं तिथेच मुलं पडतात, तेव्हा आठवड्यातून एकदा खोऱ्याने ओढून भरावा लागतो. कठड्यांमधल्या फटी ९ सेंटीमीटरपेक्षा कमी किंवा २३ पेक्षा जास्त असाव्यात. मधल्या मापाच्या फटीत मुलाचं शरीर जातं आणि डोकं अडकतं. प्रत्येक खेळण्याभोवती १.८ मीटर जागा मोकळी हवी आणि झोपाळ्याच्या पुढे-मागे त्याच्या वरच्या दांड्याच्या उंचीच्या दुप्पट. दुपारी रबरी फरशीला आणि पत्र्याच्या घसरगुंडीला हात लावून बघा. पाच सेकंद हात ठेववत नसेल तर सावलीची मागणी करा.

फाटकाबाहेर

'दहा मिनिटांवर' या शब्दांचा अर्थ बहुतेक वेळा रिकाम्या रस्त्यावर, गाडीने, वसाहतीच्या फाटकापासून असा असतो. मोठ्या वसाहतीत घरापासून फाटकापर्यंतच कधी कधी दहा मिनिटं चालावं लागतं. म्हणून आसपासची ठिकाणं तुम्ही स्वतः तीन वर्तुळांत मांडा: पंधरा मिनिटं पायी, अर्धा तास सायकलने म्हणजे साधारण ६ ते ७ किलोमीटर, आणि एक तास बसने.

पहिल्या वर्तुळात शेजारचं जुनं गाव असेल तर तुम्ही सुदैवी आहात. नव्या वसाहतीची सुरुवातीची वर्षं त्या गावावरच निघतात: डॉक्टर, चप्पल दुरुस्त करणारा, आठवडी बाजार, वाचनालय, मोठ्या झाडांची जुनी बाग. तिकडे जाणारी वाट पायी चालण्यासारखी आहे का, हे घर घेण्याआधी बघावं असं आम्ही आग्रहाने सांगू. दुसऱ्या वर्तुळात टेकडी, नदीकाठ, किल्ला, शेतवाटा येतात. सायकलने जाताना वसाहतीची सायकलवाट हद्दीवर संपते का ते बघा; पुष्कळदा आतली वाट सुरेख असते आणि बाहेर पडताच ट्रकांच्या रस्त्यावर सोडते. तिसऱ्या वर्तुळातल्या संग्रहालयांची, प्राणिसंग्रहालयांची साप्ताहिक सुटी आधी तपासा, बऱ्याच ठिकाणी ती सोमवारी असते.

टेकडी चढायला किती वेळ लागेल याचा अंदाज स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांच्या १८९२ च्या नियमाने काढता येतो: ५ किलोमीटरला एक तास, वर ६०० मीटर चढाईमागे आणखी एक तास. म्हणजे ८ किलोमीटरच्या फेरीत ३०० मीटर चढ असेल तर दोन तासांहून थोडा जास्त वेळ, विश्रांती वेगळी. मुलं बरोबर असतील तर दीडपट धरा. कुठल्या वाजता मागे फिरायचं ते निघतानाच ठरवा, शिखर गाठलं नसलं तरी.

बसच्या वेळापत्रकात आधी शेवटची परतीची बस बघा. बस दर १० मिनिटांनी असेल तर सरासरी थांबणं पाच मिनिटं आणि वेळापत्रक बघायची गरज उरत नाही. तासाला एक असेल तर चुकलेली बस संध्याकाळ घेऊन जाते. फेऱ्या वाढवून घ्यायच्या असतील तर एका आठवड्यात कोणत्या वेळी किती जण थांब्यावर उभे असतात ते शेजाऱ्यांनी मिळून लिहावं आणि तो तक्ता अर्जाला जोडावा. नुसत्या सह्यांपेक्षा त्याला वजन असतं.

राहायला आल्यावर लगेच

नवे रस्ते फोनच्या नकाशावर उशिरा येतात. दुसऱ्या कुणाच्या फोनवर तुमचा पत्ता टाकून बघा. तो चुकीच्या फाटकावर आणत असेल तर नकाशात दुरुस्ती सुचवा आणि स्थानिक अग्निशमन केंद्र व रुग्णवाहिका सेवेला रस्त्याचं नाव कळवा. घराचा क्रमांक रस्त्यावरून दिसेल असा, निदान १० सेंटीमीटर उंच अंकांत आणि पार्श्वभूमीशी विरुद्ध रंगात लावा. घरातल्या दाराजवळ पत्ता, जवळचं फाटक आणि ओळखीची खूण कागदावर लिहून चिकटवा. घाईच्या वेळी पाहुण्याला किंवा मुलाला ते वाचून फोनवर सांगता येतं.

विकासक सामायिक जागा रहिवाशांच्या हाती देईल तेव्हा ताब्याच्या कागदावर सही करण्याआधी या गोष्टी ताब्यात घ्या: प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे काढलेले नळ, गटार आणि विजेचे नकाशे, पंप व लिफ्टची हमीपत्रं, देखभालीचे चालू करार, सगळ्या फाटकांच्या किल्ल्या आणि देखभाल निधीचा तपासलेला हिशेब. नळांचा नकाशा मिळाला नाही तर पहिली गळती शोधायला अर्धा रस्ता खणावा लागतो. हस्तांतराच्या दिवशी दोन रहिवाशांनी पाण्याच्या नळांवरची प्रत्येक झडप (व्हॉल्व्ह) स्वतः बंद-उघड करून बघावी आणि न फिरणाऱ्या झडपांची यादी त्याच कागदावर लिहून विकासकाची सही घ्यावी.